मामा येऊन गेले की

झटकामामांच्या हातच्या वायरीने कधी कुणाला झटका बसला नाही, म्हणून त्यांचं नाव झटकामामा. सहा फुटी माणसाला बुटक्या म्हणावं, तशातला प्रकार. चाळीस वर्षं त्यांनी वायरमनचं काम केलं. गल्लीतली, गल्लीमागची आणि पुलापलीकडची इतकी घरं त्यांच्या हाताखालून गेली होती, की संध्याकाळी दिवे लागायला लागले की मामा पायरीवर बसून एकेक खिडकी ओळखायचे. "हा माझा. तो माझा. तो कोपऱ्यावरचा लुकलुकणारा मात्र आपला नाही हं. असला चावटपणा आपण करत नाही."

माणसाला एखादा तरी अभिमान लागतोच. मामांना पोरांचा नव्हता, कारण पोरं नव्हती. रूपाचा नव्हता, कारण घरात आरसा होता. त्यांचा अभिमान एकच, त्यांनी बंद केलेला बोर्ड दुसऱ्या कुणाला कधी उघडावा लागला नाही. हे ते लग्नात जेवताना सांगायचे, बसच्या रांगेत अनोळखी माणसाला सांगायचे. एकदा तर एका मयताच्या घरी, मयत उचलायच्या आधी, समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून शेजारी बसलेल्याच्या कानात म्हणाले होते, "हा बावीस वर्षांपूर्वीचा. माणूस गेला, पण बोर्ड बघा." शेजाऱ्याने मान हलवली. अशा वेळी दुसरं काय करणार?

त्यांची एक रीत होती. दोन वायरींचा जॉइंट मारला, वर टेप गुंडाळली, की टेपचं शेवटचं टोक ते आत दुमडून ठेवायचे. पुढेमागे उघडायची वेळ आली तर नखाने चटकन सुटावं म्हणून. ज्याचा बोर्ड कुणी उघडणारच नाही, त्याने उघडणाऱ्याची सोय कशाला करून ठेवायची, असं मामी विचारायच्या. "रीत आहे," मामा म्हणायचे, आणि विषय संपायचा.

ही रीत त्यांनी जन्मात एकाच माणसाला शिकवली, ती मेहुण्याला. मामींचा हा धाकटा भाऊ. शाळेने आणि त्याने एकमेकांचा नाद सोडला, तेव्हा मामींनी त्याला आणून मामांच्या शिडीखाली उभं केलं. पहिल्या दिवशी मामांनी त्याला वायर नाही दाखवली, पक्कड नाही दिली. समोर बसवून एवढंच सांगितलं, "दुसऱ्याने बंद केलेला बोर्ड त्याला विचारल्याशिवाय उघडायचा नाही. न विचारता उघडलास, तर तू लोकांची पत्रं चोरून वाचलीस असं मी समजेन." मेहुण्याने मान डोलावली. पुढे तो कामात तयार झाला, स्वतःची गिऱ्हाइकं झाली, पोट सुटलं, तरी मामा त्याला 'लोडशेडिंग'च म्हणत. कारण तो नेमका गरजेच्या वेळी नसायचा. गेली तीन वर्षं तर फारच. सकाळी फोन करावा तर "जरा बाहेर आहे, भाऊजी." दुपारी करावा तरी बाहेर. "हा बाहेर असतो तरी कुठे?" मामा चिडून विचारायचे. मामी म्हणायच्या, "असेल कुठेतरी. मोठा झालाय तो आता."

हल्ली मामांच्या इतरही तक्रारी वाढल्या होत्या. हल्लीच्या वायरींना पूर्वीसारखा रंग नसतो. हल्लीच्या टेस्टरमध्ये दम नसतो, दिवा लागला की नाही तेच कळत नाही. हल्ली लोक घरात अंधार करून बसतात. ऐकणारे "खरं आहे, मामा" म्हणायचे. मामांना वाटायचं, जमाना बिघडला तरी माणसं अजून समजूतदार आहेत.

अशात सुताराचं काम निघालं.

सुतार म्हणजे मामांचा शाळेपासूनचा दोस्त. एका बाकावर बसून, एकमेकांच्या वहीत बघून, दोघे एकाच गणितात नापास झाले होते. त्याची कार्यशाळा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. दहा बाय चौदाची जागा, त्यात रंधा मारायचं मशीन, ड्रिल, गोल करवत आणि नुकतंच घेतलेलं खुर्चीचे पाय कातायचं लेथ. एवढ्या सगळ्या खटल्याला सॉकेट एकच, तेही दाराजवळ. त्या सॉकेटला एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्याच्या पोटी दुसरा, दुसऱ्याच्या पोटी तिसरा. तीन पिढ्या एका छपराखाली नांदत होत्या, आणि रंधा सुरू झाला की छपराखालचा एकुलता एक बल्ब डोळे मिचकावायचा. हा बल्ब शेडच्या मधोमध. त्यामुळे सुतार कुठेही उभा राहिला तरी नेमकी त्याचीच सावली कापायच्या रेघेवर पडायची.

"मला चार सॉकेट पाहिजेत आणि दोन दिवे," सुतार म्हणाला.

"तुला काय पाहिजे ते तू सांगू नकोस," मामा म्हणाले. "तू काम कर. पाहिजे काय ते मी बघतो."

ही मामांची कामाची पद्धत. भिंतीवर खूण करण्याआधी ते माणसाला तिथे उभं करायचे आणि खोटं खोटं काम करायला लावायचे. सुतार बंद रंध्यावर हवेतली फळी ढकलू लागला. मामा बाजूला उकिडवे बसून त्याच्या कोपराकडे, गुडघ्याकडे, पायाच्या वळण्याकडे बघत होते. दारातून सुताराची बायको, वहिनी, म्हणाल्या, "काय हे! या वयात दोघं भातुकली खेळताय होय?"

"वहिनी, मध्ये बोलू नका, फळी संपत आलीये," मामा म्हणाले. मग सुताराला, "आता मशीन बंद कर. कुठल्या हाताने करशील?"

"उजव्या."

"थापा मारतोस. करून दाखव."

सुताराने फळी उजव्या हाताने धरली आणि डावा हात भिंतीकडे नेला. हात जिथे पोचला तिथे मामांनी खडूची फुली मारली. "तुझ्या हाताला जे कळतं, ते तुला पन्नास वर्षांत कळलं नाही." सुतार हसला. फुल्या बरोबर बसल्या होत्या. कामातलं मामांचं डोकं अजून पहिल्याइतकंच तल्लख होतं, याबद्दल पुढेही कुणाचं दुमत नव्हतं.

काम दोन दिवस चाललं. सॉकेटांसाठी मामांनी घराच्या मेनपासून वेगळी जाड लाइन ओढली, तिला वेगळा ब्रेकर दिला, भिंतीत गिट्ट्या ठोकल्या, पट्टी बसवली. पट्टीला पातळी लावून बघावी तर बुडबुडा मधोमध. रंधा आणि करवत एकदम चालू केले तरी आता बल्बच्या डोळ्याला पाणी आलं नाही. तीन पिढ्यांची एक्स्टेन्शनं मामांनी स्वतःच्या हाताने गुंडाळून सुताराच्या हातात दिली. "हे विसर्जन तू कर."

राहिले दिवे. ते जुन्या लाइनवरूनच घ्यायचे होते. जुन्या लाइनचा डबा शेडच्या मागच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या अगदी खाली. मामा शिडीवर चढले. आतल्या वायरी त्यांनीच पंचवीस वर्षांपूर्वी टाकलेल्या. लाल फेजची, म्हणजे करंट आणणारी, काळी न्यूट्रलची, म्हणजे परतीची. आता दोन्हींवर लाकडाच्या धुळीचा आणि पॉलिशच्या वाफेचा थर बसलेला.

"वर किती अंधार आहे रे!"

"म्हणून तर दिवे लावतोयस," खालून शिडी धरलेला सुतार म्हणाला.

मामांनी वायर बोटाने पुसली. टेस्टर एकीला लावला, मग दुसरीला. टेस्टरकडे बघितलं, मान तिरकी करून पुन्हा बघितलं. "टेस्टर बदलायला पाहिजे," ते पुटपुटले आणि म्हणाले, "हां. ही लाल." मेन बंद करवला, जॉइंट मारले, टेप गुंडाळली, टोक दुमडलं. सुताराने वर बघत तोंड उघडलं होतं. पण तो एवढंच म्हणाला, "जपून रे."

एक दिवा रंध्यावर लागला. दुसरा लेथवर, वाकवू तसा वाकणाऱ्या लोखंडी हाताचा. बटण दाबायला वहिनींना बोलावलं. शेड असं उजळलं की कोपऱ्यातल्या कोळ्यानेही मुक्काम हलवायचा विचार केला असेल. सुताराने पेन्सिलीने फळीवर रेघ मारली, वाकून बघितली, इकडून बघितली, तिकडून बघितली. रेघेवर सावली नव्हती. म्हातारा खरंच हरखला.

"आता तीस वर्षं इकडे बघू नकोस," मामा चहा घेता घेता म्हणाले.

"नाही बघणार," सुतार म्हणाला आणि कपात बघत राहिला.

घरी आल्यावर मामांनी मामींना सगळं साग्रसंगीत सांगितलं. फुल्या, पट्टी, बुडबुडा, सावली. मामी म्हणाल्या, "छान झालं की. म्हणजे संपलं ना सगळं? आता परत जायचं नाही?"

"आपल्याला परत कधी जावं लागलंय?"

"नाही, तेही खरंच," मामी म्हणाल्या आणि फोन घेऊन मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना मामांना एक गोष्ट आठवली आणि वस्तरा गालावरच थांबला. कोपऱ्यातल्या डब्याच्या झाकणाला दोन स्क्रू. एक लावला. दुसरा हातातून निसटून भुशात पडला होता, तो मागाहून शोधू म्हणून राहिला, आणि मग दिवे लागले, चहा आला. म्हणजे झाकण एका स्क्रूवर होतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, राहू दे, कोण बघतंय पत्र्याखाली? मामांनी तोंड धुतलं, पेटीतला एक स्क्रू शर्टाच्या खिशात टाकला आणि निघाले.

शेडमधून रंध्याचा आवाज येत नव्हता. दाराशी चपला होत्या. टाचेला एका बाजूने झिजलेल्या. त्या चपला कुणाच्या हे ओळखायला मामांना दिव्याची गरज नव्हती. पंचवीस वर्षं ते त्याला सांगत होते, पाय सरळ टाक म्हणून.

आत कोपऱ्यात शिडी लागलेली. शिडीवर मेहुणा. खाली सुतार टॉर्च धरून उभा, आणि वहिनी हातात पोह्यांची बशी घेऊन. डब्याचं झाकण उघडं. मेहुणा जॉइंटवर टेप गुंडाळत होता. शेवटचा वेढा आला, त्याने टेप तोडली आणि टोक अंगठ्याने हळूच आत दुमडलं.

झकास दुमडलं, हा मामांच्या मनात आलेला पहिला विचार. शिष्याचा हात बसलाय, हा दुसरा. तिसरा विचार यायला थोडा वेळ लागला, आणि तो आला तेव्हा मामांनी चौकटीला हात टेकला.

"टोक जरा लांब झालं," ते म्हणाले.

सुताराच्या हातातला टॉर्च भुशात पडला.

"भाऊजी!"

"कुणाचा डबा आहे तो?"

मेहुण्याने शिडीवरूनच सुताराकडे बघितलं. सुताराने लेथकडे.

"तुमचा," मेहुणा म्हणाला.

"विचारलंस?"

"नाही."

"मामा, पोहे घेता ना?" वहिनी म्हणाल्या. कुणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे, म्हणून बोलल्या.

"अरे, मीच बोलावलं त्याला," सुतार पुढे झाला. "त्याचा काही दोष नाही. दिवा जरा लुकलुकत होता, म्हटलं तुला कशाला परत..."

"पन्नास वर्षांत तुला खोटं बोलता आलं नाही आणि आज शिकायला बसलास? लुकलुकत असता तर तू मला ओरडून बोलावलं असतंस." मामा मेहुण्याकडे वळले. "तू बोल."

मेहुणा खाली उतरला. त्याने मेन चालू केला आणि लेथवरच्या दिव्यापाशी गेला. "हा अजून केला नाही मी. बटण बंद आहे ना, भाऊजी?"

"आहे."

मेहुण्याने बल्ब काढला आणि टेस्टर होल्डरमध्ये घातला. "लागला?"

मामा वाकले. चष्मा नाकावर नीट केला. "तुझाही टेस्टर मेलेलाच आहे."

"भाऊजी, लागलाय."

मामांनी सुताराकडे बघितलं. सुताराने मान हलवली. दारातून वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, "इथनं दिसतोय, मामा."

बटण लाल वायरीवर बसायचं असतं. म्हणजे बंद केलं की करंट बटणापाशीच अडतो. ते चुकून काळीवर बसलं, तरी दिवा लागतो, दिवा विझतो, काही बिघडल्यासारखं दिसत नाही. फक्त करंट वर होल्डरमध्ये दबा धरून बसतो, कुणीतरी बल्ब बदलायला हात घालेपर्यंत. सुताराच्या लेथवरचा दिवा लोखंडी हाताचा, आणि लेथपुढे उभं राहायचं तेही लोखंडी स्टुलावर. मामांना हे कुणी समजावून सांगायला नको होतं. हे त्यांनीच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

"ठीक आहे," मामा म्हणाले. "चुकलं. चाळीस वर्षांत एकदा माणूस चुकतो. मला फोन केला असतास, तर मी येऊन कान धरले असते स्वतःचे." मग त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "एकदाच ना?"

सुतार खोकला.

"किती?"

"जाऊ द्या ना, भाऊजी."

"किती, म्हणून विचारलं."

"सतरा."

"सतरा पॉइंट?"

"सतरा घरं."

मामा लाकडाच्या ओंडक्यावर बसले. मग एकेक गोष्ट बाहेर आली, कुणी ओढून काढत नसताना. तीन वर्षं असंच चाललं होतं. मामा येऊन गेले की दुसऱ्या दिवशी त्या घरातून फोन जायचा, किंवा त्याआधीच मामींचा जायचा. मग मेहुणा जाऊन डबे उघडायचा. 'जरा बाहेर आहे, भाऊजी' तो हा बाहेर. पैसे त्याने कुणाकडून घेतले नव्हते.

"पण सगळीकडे नव्हतं हं चुकलेलं," मेहुणा घाईघाईने म्हणाला. "पाच-सहा ठिकाणीच. बाकी अकरा घरांत तर बघण्यासारखंसुद्धा काही नव्हतं. एकदम कडक काम."

"म्हणजे तीही उघडलीस."

मेहुण्याची मान खाली गेली.

"आणि घडी माझी घालून ठेवत होतास. पुढेमागे मी उघडलं तर मला कळू नये म्हणून."

"तुम्हीच शिकवलीत."

"पोराला सही शिकवावी, आणि त्याने ती आपल्याच नावाने करत सुटावी! लोडशेडिंग म्हणत होतो तुला. चुकलं माझं. तू तर चोवीस तास चालू होतास की रे." हे म्हणताना ते हसल्यासारखे दिसले, आणि ते बघून वहिनींनी बशी खाली ठेवली. "कधीपासून? पहिलं घर कुठलं?"

"घर नाही. दुकान. इस्त्रीवाल्याचं."

मामांना इस्त्रीवाला आठवला. तीन वर्षांपूर्वी स्टुलावरून पडून त्याचं मनगट मोडलं होतं. मामा डझनभर केळी घेऊन त्याला बघायला गेले होते, आणि अर्धा तास त्याच्या उशाशी बसून त्यांनी त्याला झाडलं होतं. ओल्या हाताने बल्बला हात लावतोस, अक्कल आहे का, आम्ही कितीही चांगलं काम केलं तरी तुमच्यासारखी माणसं आमचं नाव घालवणार. इस्त्रीवाला प्लॅस्टरमधला हात छातीवर धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला होता, "हो मामा. चुकलंच माझं." केळी त्याने घेतली होती.

"त्याला ठाऊक होतं?" मामांनी विचारलं. "मी केळी घेऊन गेलो तेव्हा?"

"झटका त्यालाच बसला होता, भाऊजी. त्याला ठाऊक नसेल तर कुणाला?"

शेडमध्ये चार सॉकेट आणि दोन दिवे होते, आणि मामांना नजर कुठे ठेवावी ते कळेना.

"तुला वाईट वाटू नये म्हणून रे," सुतार म्हणाला. "सगळ्यांना तुझ्याबद्दल किती..."

"मला वाईट वाटू नये म्हणून सतरा घरं गप्प बसली," मामा म्हणाले. "मला चहा पाजला, 'वा मामा' म्हटलं, दारापर्यंत सोडायला आली. सतरा घरांत एकसुद्धा माणूस असा निघाला नाही, जो म्हणेल, मामा, डोळे दाखवून या? तुला पण नाही म्हणता आलं? शिडी धरून उभा होतास, तुझ्या डोळ्यांदेखत मी काळीला लाल म्हटलं, आणि तू मला म्हणालास जपून!"

"म्हणणार होतो."

"कधी? मी खाली पडल्यावर?"

"तू इथे यायचा बंद झाला असतास," सुतार एकदम म्हणाला. "मला माहीत नाही का तुला? एकदा कळलं असतं तर परत तोंड दाखवलं नसतंस. मग मी बसायचं कुणाबरोबर?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मामांना ते सहन झालं नाही. ते उठले. खिशातला स्क्रू काढून त्यांनी मेहुण्याच्या तळहातावर ठेवला. "झाकणाला एकच आहे. दुसरा लाव," म्हणाले, आणि निघाले.

घरी पोचायच्या आधी फोन पोचला होता. मामी दारातच उभ्या होत्या, हाताला कणीक तशीच.

"इस्त्रीवाल्याची बायको आली होती माझ्याकडे," मामांनी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या. "रडत होती. म्हणाली, मामांना सांगू नका, पण मामांना परत पाठवूही नका. मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं होतंस."

"तुमचं एवढं एकच तर आहे. तेच सांगू, की ते गेलं म्हणून?"

"तीन वर्षं मी घरी येऊन तुला सांगायचो, काम कसं झालं. तू वाढता वाढता ऐकायचीस. छान झालं म्हणायचीस."

"छानच वाटायचं मला ते ऐकायला."

"आणि मग कपडे काढायला जायचीस. वाळले नसले तरी."

मामींनी हाताची कणीक धुतली. त्यांनी ताट वाढलं. मामा ताटावर बसले, भाताला आळं केलं, त्यात आमटी ओतली आणि ते आळं तसंच ठेवून उठले.

चौथ्या दिवशी मामी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मामा गेले, कारण न जायला काही कारण उरलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी उजेड पाडून दोन्ही डोळे बघितले आणि म्हणाल्या, "आजोबा, मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. आधी का नाही आलात? अर्ध्या तासाचं काम. नंतर रंग असे दिसतील, की तुम्हीच म्हणाल, एवढे दिवस मी काय बघत होतो!"

रिक्षात मामींचा चेहरा उजळला होता. "बघा! अर्ध्या तासाचं तर काम. लाल लाल दिसेल, काळं काळं दिसेल. मग तुम्ही आणि तुमचे बोर्ड. झालंच की सगळं पहिल्यासारखं."

"डोळे होतील," मामा म्हणाले.

त्या आठवड्यात ते गल्लीतून दोनदा गेले. "काय मामा!" दूधवाला म्हणाला. "मामा, बऱ्याच दिवसांत?" पीठगिरणीवाल्याने गिरणीच्या आवाजावरून ओरडून विचारलं. आवाज पूर्वीचेच होते. मामा मान हलवून पुढे जात, आणि चालता चालता हिशोब मांडत. दूधवाल्याकडे दोन वर्षांपूर्वी पंखा. हा त्या सतरातला असेल का? गिरणीकडे मीटरचं काम, त्याला पाच वर्षं झाली, म्हणजे तो नसेल. पण तेव्हा तरी डोळे बरे होते का? त्या अकरा घरांतलं कोण आणि सहा घरांतलं कोण? मेहुण्याने यादी द्यायची तयारी दाखवली होती. मामांनी ती घेतली नाही. यादी करणाराही तोच होता ना.

रविवारी सकाळी फोन वाजला. शिवणवाल्या बाईंचा. पुलापलीकडे राहायच्या, दोन शिलाई मशीनं घरीच चालवायच्या. मागून मशीनचा खडखडाट ऐकू येत होता.

"मामा, वेळ आहे का तुम्हाला? दुसऱ्या मशीनवर एक दिवा आणि एक पॉइंट वाढवायचाय. काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही हो."

"बरं."

"घाई नाही. तुम्हाला सवड होईल तेव्हा या. पण तुम्हीच या हं. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालत नाही."

महिन्यापूर्वी या एका वाक्यावर मामांनी आठवडा काढला असता. मामींना सांगितलं असतं, सुताराला सांगितलं असतं, मेहुण्याला तर शिडीखाली उभं करून ऐकवलं असतं. आता त्यांनी ते वाक्य पुन्हा मनात म्हणून बघितलं. कुठे जास्त गोड झालंय का, कुठे घाईने बोललं गेलंय का, असं.

"बाई," ते म्हणाले, "माझं काम झाल्यावर कोण येणार आहे?"

पलीकडचं मशीन थांबलं.

"कोण म्हणजे? कुणी नाही, मामा." मग थोडं थांबून, "का हो?"

त्या थांबण्यात काय होतं, ते मामांना ओळखता येईना. बाई खरंच गोंधळल्या असतील. किंवा आता काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत असतील. दोन्ही गोष्टी फोनवर सारख्याच ऐकू येतात.

"मेहुण्याला सांगा," मामा म्हणाले. "तो पहिल्याच दिवशी येईल. एका दिव्यासाठी दोघांच्या खेपा कशाला?"

त्यांनी फोन ठेवला. मामी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होत्या.

"अहो, काय केलंत हे?" त्या पुढे आल्या. "त्या बाईंकडे कधीच कुणी गेलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते. त्या खरंच तुमच्यासाठी थांबल्या होत्या."

"हे तू सांगतेयस," मामा म्हणाले.